हे गाणं कुणाचं? हे गाव कुणाचं?

(सार्वजनिक व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी आपण नागसेनाच्या रथापाशी थांबलो होतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. मग रथ आहे तरी कुठे? व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं मला जिन्यातच गाठलं. म्हणाला, "सर, रथाचं राहू द्या. चौघांनी मिळून गाणं केलं तर ते कुणाचं, ते सांगा." त्याचा स्वतःचा बँड होता आणि तो नुकताच फुटला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे प्रश्न परीक्षेचा नव्हता, घरचा होता. त्यामुळे आजचा विषय बदलला.

तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तरानं रॉक संगीतावर बोलावं याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. माझ्या विद्यार्थिदशेत वसतिगृहात शेजारच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर होता, आणि भिंत पातळ होती. पुढे फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं आणायची सवय लागली. त्यात अद्भुतकथांची काही संकलनं मिळाली. त्यांत एकाच काल्पनिक शहरात आठ-दहा लेखकांनी आपापल्या कथा घडवल्या होत्या. रॉकच्या रेकॉर्डी आणि हे 'सामाईक जग', या दोन गोष्टी माझ्या डोक्यात बरीच वर्षं वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. जिन्यातल्या प्रश्नानं त्या एकत्र आणल्या.

आधी गाण्यांकडे जाऊ. १६ जून १९६५. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत बॉब डिलन 'लाइक अ रोलिंग स्टोन' ध्वनिमुद्रित करत होता. निर्माते होते टॉम विल्सन. त्यांनी अल कूपर नावाच्या एकवीस वर्षांच्या गिटारवादकाला नुसतं बघायला बोलावलं होतं. हा पठ्ठ्या वाजवायला मिळेल या आशेनं गिटार घेऊनच आला. पण तिथे माइक ब्लूमफील्डची गिटार ऐकली आणि त्यानं आपली गिटार मुकाट्यानं बाजूला ठेवली. थोड्या वेळानं ऑर्गनवरचा वादक पियानोवर गेला आणि ऑर्गन रिकामा झाला. कूपर जाऊन तिथे बसला. ऑर्गन हे त्याचं वाद्य नव्हतं. बाकीचे कोणता स्वरमेळ धरतात हे ऐकून मग तो पट्टी दाबायचा, त्यामुळे ठोक्याच्या किंचित मागे राहायचा. मुद्रण परत ऐकताना डिलननं ऑर्गनचा आवाज वाढवायला सांगितलं. तो ऑर्गनवादक नाहीच, असं विल्सन सांगत राहिले, पण डिलननं ऐकलं नाही.

आज ते गाणं आठवा. शब्दांच्या आधी कानात काय येतं? किंचित मागून येणारा तो ऑर्गन. तरीही गीतकार आणि संगीतकार म्हणून नाव एकट्या डिलनचं आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनं त्यात चूकही नाही. गाणं आधीच रचलेलं होतं. कूपरनं ते वाजवलं.

इथे एक भेद नीट समजून घेऊ या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 'गाणं' हा शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे शब्द आणि चाल, जे कागदावर उतरवता येतं आणि कुणीही गाऊ शकतं. दुसरी म्हणजे ते विशिष्ट ध्वनिमुद्रण, त्या दिवशी, त्या खोलीत, त्या माणसांनी केलेलं. थिओडोर ग्रासिक या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९९६ साली 'रिदम अँड नॉइज' या पुस्तकात असं मांडलं की रॉकमध्ये मूळ कलाकृती म्हणजे चाल नव्हे, तर मुद्रण. आपल्याकडे बंदिश एक असते आणि मैफलीगणिक ती नव्यानं मांडली जाते. रॉकचा श्रोता मात्र 'तीच' रेकॉर्ड मागतो. कूपरची उशिरा दाबलेली पट्टी ही त्याला चूक वाटत नाही, ती त्याच्या लेखी कलाकृतीचाच अवयव असते.

आता अडचण लक्षात आली ना? श्रोत्याच्या मनात कलाकृती म्हणजे मुद्रण. पण रचनेचा हक्क आणि त्याचे पैसे जातात चाल आणि शब्द करणाऱ्याला. मुद्रणात जीव ओतणारा माणूस या दोहोंच्या फटीत पडतो. फटीत पडलेल्यांच्या दोन कहाण्या सांगतो.

पहिली १९६७ सालची. लंडनचा प्रोकोल हारम हा बँड आणि त्यांचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'. संगीत गॅरी ब्रुकर यांचं, शब्द कीथ रीड यांचे. गाणं तयार झाल्यावर मॅथ्यू फिशर हा ऑर्गनवादक बँडमध्ये आला. सुरुवातीला आणि मध्ये जी बाखच्या वळणाची ऑर्गनची धून ऐकू येते, ती फिशरची. गाण्याचे शब्द ज्यांना अजिबात आठवत नाहीत त्यांनाही ती धून आठवते. पण श्रेय दोघांचंच राहिलं. फिशर न्यायालयात गेले ते २००५ साली. म्हणजे तब्बल ३८ वर्षांनी.

डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना सहरचनाकार ठरवलं आणि संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला. मात्र मागच्या वर्षांचे पैसे नाहीत, दावा केल्यापासूनचेच. २००८ साली अपील न्यायालय म्हणालं की धून यांची खरी, सहरचनाकारही खरे, पण इतका उशीर केलात, तेव्हा पैशांतला वाटा मिळणार नाही. मग प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सकडे गेलं, जे तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायपीठ होतं. त्यांनी जुलै २००९ मध्ये एकमतानं फिशरांचा वाटा परत दिला. नुसता उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही, असा त्याचा मथितार्थ. हे 'उशीर' प्रकरण लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे येणार आहे.

दुसरी कहाणी क्लेअर टॉरी यांची. जानेवारी १९७३, रविवार. पिंक फ्लॉइडचं 'द डार्क साइड ऑफ द मून' ॲबी रोड स्टुडिओत संपत आलं होतं. रिक राइट यांची पियानोवरची एक रचना होती, तिच्यावर काहीतरी हवं होतं. ध्वनियंत्रक ॲलन पार्सन्स यांनी या गायिकेचं नाव सुचवलं. तिला शब्द दिले नाहीत, चाल दिली नाही. मृत्यूबद्दल आहे, एवढं सांगितलं. तिनं स्वतःचा आवाज एखाद्या वाद्यासारखा वापरला आणि दोन-तीन वेळा गाऊन ती घरी गेली. बिदागी ३० पौंड. 'द ग्रेट गिग इन द स्काय' या मुद्रणातला तो आक्रोश जगभर कोट्यवधी लोकांनी ऐकला. अल्बमवर गायिका म्हणून तिचं नाव होतं; रचनाकार म्हणून एकट्या राइट यांचं. २००४ साली ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये बाहेर तडजोड झाली, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर गायनाची रचना तिची, असं छापलं जाऊ लागलं.

आता मी तुम्हाला विचारतो: त्या रविवारी टॉरी गायल्या की त्यांनी रचलं? ज्याला चाल दिलेली नाही तो माणूस गाताना चाल करतच असतो. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आलाप गाणारा आलाप रचतच असतो. कायद्याला हे कळायला बत्तीस वर्षं लागली, कारण कायदा कागद शोधत होता.

यावर काही बँडनी स्वतःच उपाय काढला. क्वीनचं उदाहरण घ्या. त्यांचा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. १९७५ साली 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी' ही तबकडी निघाली. तिच्या पाठीमागच्या बाजूला ढोलवादक रॉजर टेलर यांचं गाणं होतं. तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखेच पैसे! लोक घेत होते पुढच्या बाजूसाठी, पण पाठीमागची बाजूही तेवढीच कमावत होती. यावरून चौघांत जी धुसफूस झाली ती पुढे बरीच वर्षं पुरली. १९८९ च्या 'द मिरॅकल' या अल्बमपासून त्यांनी ठरवलं की गाणं कुणीही लिहो, नाव 'क्वीन' एवढंच. आपल्याकडे सातबाऱ्यावर सामाईक नाव लागतं, तसं.

आता अद्भुतकथांच्या गावात जाऊ. पूल बांधायला एक खरा माणूसच आहे, मायकल मूरकॉक. हा ब्रिटिश लेखक 'हॉकविंड' या रॉक बँडबरोबर मंचावर उभा राहिला, 'ब्लू ऑयस्टर कल्ट' या अमेरिकन बँडसाठी त्यानं गीतं लिहिली, आणि त्यातलं एक १९८० साली त्याच्याच एल्रिक या नायकाच्या तलवारीवर होतं. याच मूरकॉकनं जेरी कॉर्नेलियस नावाचं आपलं पात्र दुसऱ्या लेखकांना वापरायला मोकळं केलं. १९७१ साली त्याचं संकलनही निघालं. बँडमध्ये एकमेकांच्या सुरावर सूर चढवतात, तसंच हे. पण इथे मालक एकच होता आणि त्यानं औदार्य दाखवलं. औदार्य ही चांगलीच गोष्ट, पण तिला नियम म्हणता येत नाही.

नियम आला १९७९ साली, 'थीव्ह्ज वर्ल्ड' या संकलनात. संपादक रॉबर्ट ॲस्प्रिन. कल्पना निघाली आदल्या वर्षी बॉस्टनच्या एका साहित्य संमेलनाच्या वेळी, जेवणाच्या टेबलावर. लिन ॲबी आणि गॉर्डन डिक्सन सोबत होते. दुखणं लेखकाचंच होतं. अद्भुतकथा लिहायची तर प्रत्येक वेळी नवं जग उभं करावं लागतं. देश, राजे, देव, नाणी, रस्ते, सगळं. मग एकच शहर सगळ्यांनी का वापरू नये? शहराचं नाव सँक्च्युअरी. साम्राज्याच्या कडेला पडलेलं, चोरांचं, भुरट्यांचं गाव. पहिल्याच खंडात पॉल अँडरसन, जॉन ब्रनर, जो हाल्डमन, मॅरियन झिमर ब्रॅडली असे नाणावलेले लेखक होते.

आणि नियम काय? प्रत्येकानं आपल्या मुख्य पात्राचं वर्णन लिहून द्यायचं; ते सगळ्यांना वाटलं जाणार. दुसऱ्याचं पात्र तुमच्या कथेत येऊ शकतं. मात्र मूळ लेखकाच्या परवानगीशिवाय त्याला मारायचं नाही, आणि त्याला सुधारायचंही नाही! मला यातलं दुसरं कलम फार आवडतं. मारणं हा अन्याय आहे हे कुणालाही कळतं. पण दुसऱ्याच्या बदमाशाला परस्पर सज्जन करून टाकणं हीसुद्धा त्या पात्राची हत्याच आहे, हे लेखकांनाच सुचू शकतं. वस्तू 'तीच' राहण्यासाठी तिच्यातलं काय टिकायला हवं, हा आपला मागच्या वेळचा प्रश्न. इथे त्याचं उत्तर व्याख्येतून आलं नाही. ज्यानं पात्र घडवलं त्याला विचारा, एवढंच ठरलं.

१९८९ पर्यंत या मालिकेचे बारा खंड निघाले. सगळं गुण्यागोविंदानं चाललं असं मी म्हणणार नाही. ब्रॅडली यांनी लिथांडे हे आपलं पात्र शहराबाहेर नेऊन स्वतंत्र कथा लिहिल्या. जॅनेट मॉरिस यांनी टेम्पस या आपल्या योद्ध्याला स्वतंत्र कादंबऱ्यांत नेलं. पण भांडण न होता हे करता आलं, कारण पात्र कुणाचं हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. शहर सामाईक, माणसं ज्याची त्याची. वाड्यातलं अंगण आणि खोल्या असतात ना, तशी व्यवस्था.

याच्या पुढचं पाऊल 'वाइल्ड कार्ड्स'. जॉर्ज आर. आर. मार्टिन हे नाव आता मालिकांमुळे घरोघरी पोचलंय, पण ही त्याच्या आधीची गोष्ट. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथे काही लेखक मित्र रात्र रात्र एक भूमिका-खेळ खेळत बसायचे. मार्टिन यांना तो खेळ १९८३ साली वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला होता. खेळात इतका वेळ जाऊ लागला की यातून पोटापाण्याचं काहीतरी निघालं पाहिजे असं त्यांना वाटलं. १९८७ साली पहिला खंड आला. १९४६ साली न्यूयॉर्कवर एक परग्रहावरचा विषाणू सुटतो आणि माणसं बदलतात, अशी कल्पना. इथेही पात्र ज्यानं घडवलं त्याच्या मालकीचं; दुसऱ्यानं वापरलं तर मूळ लेखकाची संमती हवी, आणि त्याचा वाटाही त्याला मिळणार. सहसंपादक मेलिंडा स्नॉडग्रास लेखनाकडे वळण्यापूर्वी वकिली करत होत्या, हे इथे सांगायला हवं.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. रॉकवाले मित्र म्हणून खोलीत शिरले आणि पुढे वकील घेऊन बाहेर आले. कथाकार मंडळींनी आधीच लिहून ठेवलं आणि बरीचशी मित्र राहिली. मग सरळ निष्कर्ष काढायचा का, की आधी करार करा? इतकं सोपं नाही. कूपरच्या हातात करार दिला असता तर तो ऑर्गनवर बसलाच नसता. तो तिथे अधिकृतपणे नव्हताच. टॉरी यांना 'आता तुम्ही रचना करणार आहात' असं आधी सांगितलं असतं, तर तो आवाज तसा निघाला असता का? आणि खरं बोलायचं तर 'थीव्ह्ज वर्ल्ड'मधल्या सगळ्याच कथा आज वाचवत नाहीत. नियमांमुळे कलाकृती चांगली होत नाही. नियम माणसांना जपतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. 'हे कुणाचं?' हा प्रश्न काम चालू असताना विचारू नये; तेव्हा हात मोकळे असावेत. पण काम संपल्यावर, त्याच संध्याकाळी, दिवे मालवण्याआधी तो विचारावा. कुणी काय आणलं हे तेव्हा सगळ्यांना आठवत असतं. अडतीस वर्षांनी न्यायाधीशाला धून ऐकून ठरवावं लागतं.

हे मी कोणत्या अधिकारानं सांगतो? अधिकारानं नाही, अनुभवानं. मी तर्कशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. त्यातली उदाहरणं आणि स्वाध्याय आमच्या विभागातल्या एका तरुण सहकारी बाईंनी केले होते. मुलं पुस्तक वापरायची ती त्या उदाहरणांसाठी. माझं विवेचन कुणी वाचत नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मुखपृष्ठावर नाव माझं. प्रस्तावनेत 'सहकाऱ्यांचे आभार'. सहकाऱ्यांचे! अनेकवचन किती सोयीचं असतं पाहा. बाईंनी कधी विषय काढला नाही, आणि त्यांनी काढला नाही म्हणून मीही काढला नाही.

या व्याख्यानाची तयारी करताना फिशर यांचा निकाल वाचला आणि त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. त्या आता निवृत्त आहेत. मी सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या हो सर, आता काय त्याचं." मी सुटलो असं मला वाटलं नाही. ते पुस्तक आता छापलं जात नाही, त्यामुळे नाव घालायला पान उरलेलं नाही. आज इथे नाव घेऊ का, असंही मी त्यांना विचारलं. त्या नको म्हणाल्या. तोही त्यांचाच हक्क.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यांतील दोन प्रश्न देत आहोत.)

प्रश्न: आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात हाच प्रकार नव्हता का?

उत्तर: होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी केलेलं काम आठवा. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलेलं वाद्यवृंद-संयोजन घ्या. ते काढून टाकलं तर त्या गाण्यांचं काय उरेल? श्रोत्याला मात्र नाव ठाऊक असतं संगीतकाराचं. अँथनी गोन्सालविस हे माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, संयोजक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या १९७७ च्या चित्रपटातल्या गाण्यामुळे गुरूचं नाव देशभर पोचलं. पण गाणाऱ्या कितीजणांना ठाऊक होतं की असा खरा माणूस आहे?

प्रश्न: सर, मागच्या वेळी जिन्यात विचारलं होतं, तो मीच. आमचा बँड फुटलाय. आता त्या संध्याकाळी परत कसं जायचं?

उत्तर: जाता येणार नाही. पण किती महिने झाले? सात? मग अजून सगळ्यांना आठवत असेल. प्रत्येकानं स्वतंत्र कागदावर लिहा, मात्र आपण काय केलं ते नाही. दुसऱ्यानं काय केलं ते. मग कागद एकत्र वाचा. जुळणार नाहीत कदाचित, पण दुसऱ्याच्या हस्ताक्षरात आपलं नाव वाचलेलं माणूस विसरत नाही. आणि लवकर करा. मी फार उशीर केला.